सतरा नोंदी

"उघडायचा तर माझ्यासमोर," विष्णुपंत म्हणाले आणि खुर्ची ओढून परसरामच्या इतक्या जवळ बसले की स्क्रू ड्रायव्हर फिरवायला त्याला कोपर आवरून घ्यावं लागलं.

परसरामचं उल्हासनगर कॅम्प एकमध्ये कॉम्प्युटरच्या सुट्या भागांचं दुकान होतं. अंबरनाथ एमआयडीसीतल्या या रंगाच्या कारखान्याला महिन्यापूर्वी त्यानंच मेमरीची नवी पट्टी विकली होती. ती बसवल्यापासून ऑफिसातला एकुलता एक कॉम्प्युटर वरचेवर बंद पडायला लागला. सुरू केला की तासभर नीट चालायचा, मग स्क्रीन होता तिथं थांबायचा आणि सकाळपासून भरलेली बॅचची माहिती पार जायची.

विष्णुपंत तिथले प्रशासन अधिकारी. संशय घेणं हा त्यांच्या कामाचा भाग होता की स्वभावाचा, हे बावीस वर्षांत कुणाला कळलं नव्हतं. पट्टी बनावट असणार, हा त्यांचा पहिला संशय. दुसरा सुनंदावर, कारण कॉम्प्युटर ती चालवायची. त्यांनी एक वहीच घातली होती. तारीख, वेळ आणि 'खुर्चीत कोण', सगळं फाउंटन पेननं. कॉम्प्युटर सतरा वेळा बंद पडला होता आणि सतराही वेळा खुर्चीत सुनंदाच होती. त्या खुर्चीत दुसरं कुणी बसतच नव्हतं, ही बारीकशी गोष्ट तेवढी त्यांच्या नजरेतून सुटली होती.

सुनंदाची सहा महिन्यांची तात्पुरती नेमणूक शनिवारी संपत होती. तिला कमी केल्याचं पत्र सहीसाठी कॉम्प्युटरच्याच टेबलावर पेपरवेटखाली होतं. 'यंत्राची हाताळणी निष्काळजीपणाची', हे त्यातलं वाक्य तिनं सकाळीच वाचलं होतं. नोकरी जाण्यापेक्षा तिला त्या वाक्याची धास्ती वाटत होती. एमआयडीसीत एका गेटावर कळलेली गोष्ट संध्याकाळपर्यंत दुसऱ्या गेटावर पोचते. मग कॉम्प्युटरजवळ तिला उभं कोण करणार?

"बाहेरची फ्लॉपी-बिपी घातल्यानं असं होतं का रे?" विष्णुपंतांनी विचारलं.

"साहेब, मी बाहेरची फ्लॉपी कधी आणली नाही," सुनंदा म्हणाली.

"मी तुमचं नाव घेतलं का?"

परसरामनं झाकण बाजूला ठेवलं. "साहेब, मी पहिल्या दिवशीच बोललो होतो, पट्टी मी लावून देतो. तुम्ही मला हात लावू नाय दिला."

"आतलं चांगलं काढून नेलं असतंस म्हणजे?"

हे विष्णुपंत अगदी सहज बोलले. त्या दिवशी पट्टी त्यांनी कारखान्याच्या वायरमनकडून, चंदूकडून बसवून घेतली होती. चंदूनं तोवर फक्त मोटारी आणि पंखे बसवले होते.

परसरामनं पट्टी अलगद उपसली, खिडकीच्या उजेडात धरली आणि तिच्या सोनेरी कडेवरून नख फिरवलं. नख लाल झालं.

"साहेब, ये क्या है?"

"गंज!" विष्णुपंत खुर्चीतून अर्धे उठले. "बघा! जुनी पट्टी आमच्या गळ्यात मारलीस ना? मी म्हणत नव्हतो?"

परसरामनं नख नाकाजवळ नेलं. मग कॉम्प्युटरचा डबा जरा तिरका केला. आतून तांदळाचा एक दाणा घरंगळत टेबलावर आला.

"गंज नाय साहेब. कुंकू."

ते कुठून आलं हे विचारायची गरज नव्हती. कारखान्यात नवी मोटार येवो, वजनकाटा येवो, विष्णुपंतांच्या हातचं कुंकू आणि अक्षता लागल्याशिवाय बटण दाबायची प्राज्ञा नव्हती. त्या दिवशी पट्टी पाकिटातून त्यांनीच काढली होती. ओल्या कुंकवाची पाच बोटं त्यांनी सोनेरी कडेवर उमटवली, तिथं ती छान दिसत होती म्हणून. चंदूनं नमस्कार केला आणि पट्टी तशीच खाचेत दाबली. सुनंदानंही हात जोडले होते, पेढा खाल्ला होता. त्यानं काही बिघडेल असं तिच्याही मनात आलं नव्हतं.

"मशीन गरम झालं का कॉन्टॅक्ट सुटतो," परसराम हळूच म्हणाला. "ताई, खोडरबर आहे?"

सुनंदानं ड्रॉवरमधून काढून दिला. परसरामनं सगळी कड घासली, फुंकर मारली, पट्टी बसवली. पांढरा खोडरबर लालभडक झाला होता.

सुनंदा माहिती भरायला बसली. तास झाला, दीड झाला, दोन झाले. विष्णुपंत घड्याळाकडे बघत होते. एकदा तरी बंद पडावा असं त्यांना मनापासून वाटत असावं. कॉम्प्युटर चालूच राहिला.

शेवटी त्यांनी पेपरवेटखालचं पत्र काढलं, चार घड्या घातल्या आणि खिशात टाकलं. "चला, देवाच्या कृपेनं मार्गी लागलं. सोमवारी वेळेवर या, सुनंदाबाई."

आता तरी तिला बरं वाटायला हवं होतं. उलट इतके दिवस गिळलेला राग एकदम वर आला. ती उठली आणि खोडरबर त्यांच्या वहीवर नेऊन ठेवला.

"साहेब, यात सतरा ठिकाणी माझं नाव आहे."

परसराम हत्यारं आवरता आवरता थांबला. विष्णुपंतांनी दोघांकडे पाहिलं, वही उघडली आणि पहिल्याच नोंदीवर खोडरबर घासला. शाई पक्की होती. नाव जागचं हललं नाही. त्याच्यावर फक्त कुंकू पसरलं.