खोल पाण्यातले

नीलेशने पिशवीतून काचेची बरणी काढली आणि टीपॉयवर ठेवली. "श्रुतीने गोळा केलेला शेवटचा नमुना, काकू. त्याच सकाळचा. तुमच्याकडे असावा असं वाटलं. संस्थेत विचारून आणलाय."

श्रुती जहाजावरून समुद्राचा तळ तपासायच्या मोहिमेवर गेली होती. वारं सुटलं आणि ती डेकवरून पाण्यात गेली. खूप शोधलं, सापडली नाही. नीलेश त्याच जहाजावर तिच्यासोबत काम करत होता. त्यानंतर आज पहिल्यांदाच तो वापीला उतरून सिल्वासाला, डोकमर्डीतल्या तिच्या आईवडिलांच्या फ्लॅटवर आला होता.

नलिनीताईंनी चष्मा लावला. बरणीच्या तळाशी तांबूस, काटेरी असं काहीतरी चपटं होऊन पडलं होतं.

"सी अर्चिन ना हा? आमच्या मालवणला कातळात असतात. पण ते कडक, गोल. लहानपणी श्रुतीच्या पायात काटा मोडला होता. हा असा बसका कसा?"

"किनाऱ्यावर लाटांचा मार असतो, म्हणून तिथल्यांचं कवच जाड. जसजसं खोल जावं तसतसं ते पातळ होत जातं. हा हजार मीटर खालचा. अगदी कातड्यासारखा मऊ. खाली पाण्याने फुगून छान गोल असतो, वर काढला की बसतो."

बोलता बोलता नीलेशचा आवाज मोकळा झाला. हे त्या दोघांचं काम होतं.

"एवढ्या खोल ते विरळच असतात. पण एकदा श्रुतीला कॅमेऱ्यात एकाच जागी ढिगाने दिसले. केवढी ओरडली होती ती! तिथे एक मेलेला..."

तो थांबला.

खाली रस्त्यावर सायलीच्या कारखान्यांकडून आलेली कंपनीची बस थांबली. पाळी संपवून आलेली माणसं बोलत बोलत पांगली.

"ते खातात काय रे?" नलिनीताईंनी विचारलं.

नीलेशने श्रुतीच्या वडिलांकडे, प्रभाकररावांकडे पाहिलं. ते खिडकीपाशी बसले होते. इथल्याच शाळेत त्यांनी जन्मभर जीवशास्त्र शिकवलं होतं. एवढ्या खोलात ऊन पोचत नाही, शेवाळ उगवत नाही, तिथले जीव वरून जे पडेल त्यावर जगतात, हे ते दर वर्षी वर्गात सांगत.

"शेवाळ," प्रभाकरराव म्हणाले. "किनाऱ्यावरचे खातात तेच."

नीलेशने मान खाली घातली. "हो, काकू. शेवाळच."

नलिनीताईंनी बरणी दोन्ही हातांनी उचलून मांडीवर घेतली. काचेवरून अंगठा फिरवत राहिल्या.

"म्हणजे गरीब आहेत," त्या म्हणाल्या. "कुणाला काही करत नाहीत."

"नाही करत," प्रभाकरराव म्हणाले.