साहेबांचं घसरलेलं टक्कल

प्रत्येक ओळीच्या शेवटी एक जास्तीचं चिन्ह होतं. दिसायला फुटकळ, पण ते असेपर्यंत ऑफिसातल्या नव्या प्रोग्रामर मुलीच्या संगणकाला एकही फाइल पचत नव्हती. शाखेतून एका गठ्ठ्यात बांधून आलेला प्रोग्रामचा सोर्स कोड वेगळ्या पद्धतीच्या संगणकावर लिहिलेला होता. तिथे ओळ संपली की दोन चिन्हं टाकतात, इथे एकच.

उपाय सोपा होता. फाइलींचा गठ्ठा सोडतानाच, मजकुराच्या फाइलींतलं जास्तीचं चिन्ह काढून टाक, असं सांगायचं. पण तीन वाजता गिऱ्हाईक येणार होतं. घाईघाईत तिने तो हुकूम सरसकट सगळ्याच फाइलींना सोडला.

सुक्याबरोबर ओलंही जळालं. गठ्ठ्यात चित्राचीही फाइल होती, आणि चित्र म्हणजे तरी काय, आकड्यांची रांगच. तिच्यात जिथे जिथे त्या दोन चिन्हांचे आकडे योगायोगाने शेजारी आले होते, तिथला एक आकडा गळाला आणि पुढचे सगळे रंग सरकले. प्रोग्राम उघडताना पडदाभर दिसणारा साहेबांचा फोटो खालून वर रंगत जाई, म्हणून टाय तेवढा शाबूत राहिला. चेहरा हिरवागार झाला. टक्कल एका कानावर घसरलं.

तिची नोकरी पक्की व्हायला आठवडा उरला होता. आणि साहेब नेमके मागे येऊन उभे राहिले.

“हे कोणाचं काम?”

“माझं, सर.” ती खुर्चीतून उठली. “पण मूळ गठ्ठा तसाच आहे. पुन्हा सोडला की मिनिटात फोटो परत येईल.”

साहेबांनी इकडेतिकडे पाहिलं. मग वाकून हळूच विचारलं, “यायलाच हवा का?”

“मला वाटलं, तुम्हाला आवडतो.”

“मला? अहो, गिऱ्हाइकासमोर मान वर करता येत नाही मला! आईची हौस आहे ती. तिच्यापुढे बोलायची कोणाची टाप आहे?”

तिथेच उभं राहून त्यांनी फोन लावला. “आई, माझा तो फोटो बिघडला गं. पार कामातून गेला.”

पलीकडचा आवाज तिच्या टेबलापर्यंत खणखणीत पोचला. “एवढंच ना? जिवाला नको लावून घेऊस, बाळा. तुझा बादलीत बसलेला आहे माझ्याकडे. आत्ता पाठवते.”

आता साहेबांचा खरा चेहराही पडद्यावरच्याला शोभेलसा झाला. त्यांनी टाय सैल केला. डोळे घट्ट मिटले.

“आई, मला फोटोच नकोय.”