बोहनीच्या आधी

केदारनाथच्या वॉटर स्कूटरवर त्याच्या मागं दोघं आरामात बसायची. धरणावर आलेल्या कुटुंबांना तो पाण्यातून फिरवून आणायचा आणि त्याची बायको शिवकांता काठावर उभी राहून परक्यांच्या लेकरांना लाइफ जॅकेटचे पट्टे आवळून द्यायची.

तिचं माहेर समोरच्याच काठावर. एसटीनं जायचं तर अर्धा दिवस मोडायचा, पाण्यावरून दहा मिनिटं.

"अहो, एकदा मला सोडा की तिकडं," ती सकाळी म्हणायची.

"सकाळी सकाळी फुकट फेरी मारू व्हय? बोहनी होऊ दे आधी."

बोहनी झाली की गर्दी व्हायची, गर्दी सरली की दिवस मावळायचा. अशी आठ वर्षं गेली.

यंदा तिनं विचारायचंच सोडलं. ते त्याच्या ध्यानात आलं महिन्याभरानं.

आज गिऱ्हाईक यायच्या आत त्यानं आपल्या हातानं तिला जॅकेट घातलं.

"चल. आज पैली फेरी तुझी."

तिनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि सीटवरून पाय पलीकडं टाकायला गेली. वर्षानुवर्षं काठावर उभं राहून आखडलेला गुडघा वर येईना. त्यानं पाय धरून उचलू पाहिला, तशी ती कळवळली. तेवढ्यात तेलगावचं एक कुटुंब काठावर येऊन उभं राहिलं.

शिवकांतानं जॅकेट काढलं आणि त्यांच्यातल्या पोरीला घालून पट्टे आवळले.

"जावा तुमी," ती त्याच्याकडं न बघता म्हणाली. "बोहनी होऊ द्या आधी."