उरलेले एकशे ऐंशी सेकंद

टेबलावर चौदा कागद होते, बाबांच्या सायकल-दुरुस्तीच्या नव्या वेबसाइटचं एकेक पान आखलेले. नऊ दुरुस्तीचे: पंक्चर, ब्रेक, चेन, पेडल वगैरे. चार नेहमीचे: पहिलं पान, आमच्याविषयी, शंका, संपर्क. चौदावा जवळजवळ कोरा. शिवाय तीन पेन्सिली, एक खोडरबर, कोमट पाण्याचा पेला आणि स्टॉपवॉच लावलेला फोन.

बाबांचं स्वरयंत्र उद्या सकाळी आठला काढायचं होतं. ते काढलं की आवाज गेला, हे डॉक्टरांनी चित्र काढून समजावलं होतं. तोवर दिवसाला दहाच मिनिटं बोला, नाहीतर सूज वाढून श्वास अडकेल, असंही बजावलं होतं. आजची सात मिनिटं संपली होती: चार आत्याच्या फोनवर, तीन शेजारच्या काकांना सुनावण्यात, की त्यांनी सायकल तेलावाचून मारली.

मुलीने गणित मांडलं. उरले एकशे ऐंशी सेकंद. नऊ पानं, प्रत्येकाला वीस. वेबसाइट नवशिक्यांसाठी होती, आणि सायकल खोलून बसलेल्याचे हात ग्रीसने माखलेले असतात. तो कुठे वाचत बसणार? म्हणून दुरुस्तीच्या प्रत्येक पानावर एक मोठं बटण: कोपराने दाबा आणि मिस्त्री सांगतात ते ऐका. कल्पना तिची. बाबांनी ती लगेच मान्य केली होती. ती नेमकी कुणासाठी, हे दोघांनीही एकमेकांना विचारलं नव्हतं.

बाबांनी चौदावा कागद पुढे ओढला आणि भुवया उंचावल्या.

तिने सांगितलं की कुणी पत्ता चुकीचा टाकला तर हे पान उघडतं. त्यावर 'पान सापडलं नाही' एवढंच लिहायचं असतं. इथे मुद्दाम कुणी येत नाही, वाट चुकलेलाच येतो.

बाबांनी पेन्सिल उचलली. त्या कागदाच्या मधोमध बटण काढलं, बाकीच्यांपेक्षा जरा मोठंच. मग चेनच्या कागदावरचं बटण खोडून टाकलं.

ती अडून बसली. चेन म्हणजे बाबांचा हातखंडा, त्यासाठी माणसं दोन गल्ल्या ओलांडून दुकानात यायची. वेबसाइटवरही त्यासाठीच येतील. आणि या चौदाव्या पानावर महिन्यातून एखादा आला तर आला.

'चेनचं लिहून देतो,' बाबांनी कागदाच्या कडेला लिहिलं. मग घोटभर पाणी प्यायले आणि खरखरत्या आवाजात म्हणाले, "मास्तरीणबाई, ज्याचं नीट चाललंय त्याला मी कशाला हवा?"

"पाच सेकंद गेले," ती म्हणाली. बाबा हसले, आवाज न करता. त्याची सवय ते आधीपासूनच करून घेत होते.

आठ पानं प्रत्येकी वीस सेकंदांत बसली. ब्रेकच्या पानावर बाबा मध्येच खोकले. ते तिने काढलं नाही. शेवटच्या पानासाठी फोन त्यांनी स्वतःच्या हातात घेतला. ती काय बोलायचं ते लिहून द्यायला निघाली, तर त्यांनी नकारार्थी मान हलवली.

"चुकलं ना? चुकू दे. मागे ये, मी बघतो."

एवढं बोलून त्यांनी फोन तिच्याकडे सरकवला आणि ते कागद गोळा करायला लागले.

दुसऱ्या दिवशी सव्वाआठला, ऑपरेशन थिएटरबाहेरच्या बाकावर बसून तिने वेबसाइटवरच्या एका पानाचा पत्ता टाकला आणि त्यातलं एक अक्षर मुद्दाम चुकवलं. पान दोन सेकंदांत उघडलं. तिने बटण दाबून फोन कानाला लावला. दारावरचा लाल दिवा विझेपर्यंत तिने ते एकतीस वेळा तपासलं. आवाज प्रत्येक वेळी चार सेकंद चालला.