सोडायचं तर आवडीचं

“सोडायचं तर आवडीचं सोड. कारलं सोडून देव पावत नाही. आणि उद्यापनाला, जे सोडलं ते आधी दुसऱ्याला द्यायचं, मग आपण घ्यायचं.”

सासूबाईंचं हे सांगणं आठवत कार्तिकी द्वादशीच्या सकाळी योगिनी आरशासमोर उभी होती. कंगवा केसांत अडकला होता. आषाढी एकादशीला तिनं शाम्पू सोडला होता. आज चातुर्मास संपत होता.

सोडला तो गावाला सांगून. पंचवटीतल्या काष्ठौषधीच्या दुकानातून शिकेकाई आणि रिठा आला. मग मेथी भिजली, जास्वंद वाटली गेली, ताक आंबलं. शेवटी कांद्याचा रस आला. चातुर्मासात घरात कांदा शिजत नव्हता. पण खायचा नसला तरी डोक्याला चालतो, हा निर्णय तिनं गुरुजींना न विचारताच घेतला. प्रत्येक लेपाचा व्हिडिओ भजनी मंडळाच्या ग्रुपवर जाई. बायका हात जोडल्याची चित्रं पाठवत.

घरातली माणसं मात्र अश्रद्ध निघाली. नवऱ्यानं, शेखरनं, आपली उशी हॉलमध्ये नेली. पाठ दुखते म्हणाला. लेक वेदिका म्हणाली, “आई, स्कूटरवर तू मागेच बसत जा. वारा मागे जातो.”

योगिनीनं मनावर घेतलं नाही. कारण चंद्रभागाबाई, तिच्या सासूबाई, एक शब्द बोलल्या नव्हत्या. लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी ज्यांनी सुनेच्या आमटीला गोदेचा पूर म्हटलं, ज्यांच्या तोंडाचा धाक पार सिन्नरपर्यंत होता, त्या आषाढीपासून गप्प होत्या. योगिनीनं ग्रुपवर लिहिलं, “आमच्या सासूबाई नावं ठेवत नाहीत. याहून मोठं प्रमाणपत्र कोणतं?” यावर कुणी वाद घातला नाही. सगळ्यांनाच सासवा होत्या.

संध्याकाळी तुळशीच्या लग्नानंतर मंडळात तिचा सत्कार होता. जन्मभरासाठी शाम्पू सोडण्याची शपथ ती माइकवर घेणार होती. त्याआधी सासूबाईंच्या तोंडून एक चांगला शब्द तेवढा हवा होता, सगळ्यांना सांगायला.

चंद्रभागाबाई तुळशीपाशी पाटावर बसल्या होत्या. समोर विडा, सुपारी, बाजूला योगिनीनं आणून ठेवलेला चहा. योगिनीनं केस मोकळे सोडून वाकून नमस्कार केला. सासूबाईंनी पदर नाकाला लावला.

“आई, आता तरी सांगा ना, कसे झालेत केस?”

“उद्यापन होऊ दे.”

“म्हणजे तुम्हीपण धरलं होतं? कळलंच नाही हो. काय सोडलं होतंत?”

चंद्रभागाबाईंनी तुळशीला हळदीकुंकू वाहिलं.

“तुला नावं ठेवणं.”

हॉलमध्ये शेखरचं वर्तमानपत्र खाली आलं.

“आवडीचंच सोडायचं असतं ना,” त्या शांतपणे म्हणाल्या. “लय जड गेलं गं. ओठावर यायचं, की तुळशीकडे बघून गिळायचे. आषाढीपासून साठलंय सगळं. आता नियमाप्रमाणे आधी दान. बस समोर.”

वेदिकानं लगबगीनं आईला पाट आणून दिला.

योगिनी बसली नाही. केसांची टोकं बोटांत धरून तशीच उभी राहिली. मग हळूच म्हणाली, “आई, व्रत वाढवता येतं का?”

“येतं की. पण एकटीनं नाय निभत. जोडीला कुणीतरी काहीतरी धरावं लागतं.”

“मी काय धरू?”

“शाम्पू.”

“अहो आई, पण शिकेकाई तर तुम्हीसुद्धा...”

“जन्मभर लावली. पण लावून झाली की मी ती धुऊन टाकायचे, बाई. व्हिडिओ काढायला पळायचे नाही. तू तर डोक्यावर...” त्यांनी जीभ चावली. तुळशीकडे पाहिलं. “जा, न्हाऊन ये. तुझे केस जोवर स्वच्छ, तोवर माझं तोंड बंद. तुळशीसमोर शब्द देते.”

“आणि संध्याकाळी मंडळात काय सांगू?”

“सांग, उद्यापन झालं. त्यात काय खोटं आहे?”

योगिनीनं टॉवेल घेतला. फोन पाटावरच राहिला आणि तिथं टुणटुण वाजत बसला. बाथरूममध्ये बादली भरू लागली. मग कितीतरी दिवसांनी तो विकतचा, ओळखीचा वास घरभर पसरला. शेखर उठला आणि हॉलमधली उशी उचलून आत ठेवून आला.

चंद्रभागाबाईंनी सुनेनं केलेल्या चहाचा घोट घेतला. साखर घालायचीच राहिली होती.

त्यांनी तोंड उघडलं. बाथरूमच्या दाराकडे पाहिलं. मग तुळशीकडे पाहिलं. आणि तो चहा निमूटपणे, अगदी शेवटच्या घोटापर्यंत पिऊन टाकला.