चौथ्यांदा बंद पडलेला हापसा

बोल्ट पुन्हा गायब होता. नूरमोहम्मदने हापशाचं झाकण उघडून आत हात घातला आणि त्याच्या तोंडून शिवीच निघाली. दांड्याला साखळी जोडणारा तोच बोल्ट. दिवाळीपासून चौथ्यांदा.

जव्हारहून एसटीने मोखाडा, तिथून जीप, पुढे दीड तास पायवाट, तीही खांद्यावर पान्यांची जड पिशवी घेऊन. परवा पंचायत समितीत साहेब सगळ्यांदेखत म्हणाले होते, "तुमचंच काम कच्चं असणार." बत्तीस वर्षं पाना चालवलेल्या माणसाला हे ऐकवायचं?

अठ्ठ्याण्णवच्या मार्चमध्ये हा हापसा त्यानेच बसवला होता. पहिल्या धारेखाली पाड्यावरच्या पोरी भिजून नाचल्या होत्या. त्याआधी बायका दरीतल्या झऱ्यावर जायच्या. चढउतार धरून दोन तासांची एक खेप, आणि पाणी फडक्यातून गाळलं तरी पोरांची पोटं बिघडायची. यंदाच्या पावसाळ्यात एकाही पोराला दवाखान्यात न्यावं लागलं नव्हतं. आणि त्याच हापशाची ही दशा!

"तुटला का चाचा?" समोरच्या घरातून नवशा आला.

"तुटला असता तर तुकडा सापडला असता. कोणीतरी सावकाश सोडवून नेलाय. पाड्यावरचाच कोणी. नाव सांग, पोलीस पाटलासमोर उभा करतो."

"नाव म्हायती असतं तर मीच तंगडी मोडली असती. पन आज चालू करून द्याच. भाताची झोडनी झाली, उद्या वीटभट्टीचा ट्रक न्यायला येतो. त्याच्या आधी झाला पायजे."

नूरमोहम्मदचा राग थोडा निवळला. सहा महिने घराबाहेर पडणारा माणूस, पण जीव घरच्या पाण्यात अडकलाय, असं त्याला वाटलं.

नवशाची आई रखमी उंबऱ्यावर बसली होती. "बरा कर रं बाबा," ती म्हणाली. "दरीत उतराया गुडघे नाय ऱ्हायले. दारात पानी असलं तर मला बी भरता येतं."

या वेळी नूरमोहम्मदने हयगय केली नाही. नवा बोल्ट बसवला, नट आवळला आणि बोल्टचं बाहेर आलेलं टोक हातोड्याने ठोकून ठोकून पार चेपून टाकलं. मग दांडा हाणला. आठदहा हात झाले आणि काचेसारखं पाणी भसाभस पडू लागलं. नवशाने ओंजळभर पिऊन बघितलं आणि खुशीत भट्टीच्या मुकादमाकडे निरोप द्यायला गेला.

तेवढ्यात नवशाची बायको चैती दरीतून वर आली. डोक्यावर दोन हंडे, घामाने कपाळाला चिकटलेले केस. हापशाखालची ओली जमीन बघून ती जागीच थांबली.

"ओतून टाक ते गढूळ पाणी," नूरमोहम्मद म्हणाला. "इथे भर. आता हा बोल्ट कोणाच्या बापाला निघायचा नाही."

चैतीने हंडे उतरवले. नवरा दिसत नाही याची खात्री केली. सासू आत गेली होती.

"खरंच निघनार नाय?"

"दांडा कापावा लागेल."

ती तिथेच मटकन बसली. डोळ्यांत पाणी आलेलं बघून नूरमोहम्मदला वाटलं, दोन महिन्यांच्या खेपांनी बाई पिचून गेली आहे. त्याचा संताप परत उसळला.

"तुला ठाऊक आहे ना तो कोण ते? घाबरू नकोस. तुम्हा बायकांच्या डोक्यावर पुन्हा हंडे चढवणाऱ्याला मी सोडणार नाही. नाव सांग."

"मीच काढते, चाचा," चैती हळूच म्हणाली. "हापसा बंद असला का पान्यासाठी मला घरी ठेवतात, नि माझ्यासंगं माझी पोर योगिता ऱ्हाते, शाळंत जाते. चालू असला का सास म्हनते, पानी मी भरीन, तू पोरीला घेऊन भट्टीवर जा."