होंतासेकाची नोट

"धुतलेली आहे," एलॉय म्हणाला आणि नोट चिमट्यानेच परत सरकवली. "आधी क्लोरीन, मग खळ, मग इस्त्री. प्रेताला पावडर लावावी तशी."

शेजारच्या टेबलावरचा फुल्हेन्सिओ खो खो हसला. "मास्तर, गिऱ्हाईक बिथरवू नका हो! ती मीच विकलीय त्याला."

"म्हणूनच वास ओळखीचा वाटला."

माद्रिदच्या प्लासा मायोरमध्ये दर रविवारी कमानींखाली जुन्या नाण्यानोटांचा बाजार भरे. तिथे एलॉय नोटांची पारख करी. चौतीस वर्षे रसायनशास्त्र शिकवून तो निवृत्त झाला होता. बाजाराची त्याला किळस येई: तळलेल्या माकुलांच्या तेलाची, थुंकी लावून नोटा मोजणाऱ्या बोटांची आणि सर्वांत जास्त धुतलेल्या नोटांची. डाग हा पुरावा असतो आणि पुरावा धुणारा खोटारडा असतो, असे त्याचे मत होते.

टेबलावर त्याने पाटी लावली होती: 'आधी नोट. गोष्ट नंतर.' कारण येणाऱ्या प्रत्येकाच्या आजोबांना गोळी लागली तेव्हा नोट त्यांच्या खिशात असे, आणि रक्ताचा प्रत्येक डाग तपासल्यावर कॉफीचा निघे.

त्या रविवारी कासिल्दा नावाची पन्नाशीची बाई आली. तिने पत्र्याच्या डबीतून एक मळकट नोट काढली. १९३६च्या यादवी युद्धात सुटे पैसे मिळेनासे झाल्यावर गावोगावच्या नगरपालिकांनी स्वतः नोटा छापल्या होत्या, त्यांतली ही. पन्नास सेंतिमो, म्हणजे अर्धा पेसेता. गाव होंतासेका, प्रांत कुएंका.

एलॉयचा चिमटा क्षणभर थांबला. कुएंकातल्या एकशे बारा गावांच्या नोटा त्याच्या संग्रहात होत्या. होंतासेकाची नव्हती. त्याचा जन्म त्याच गावचा. पण त्याचे वडील सातुरिओ, तिथल्या नगरपालिकेतले कारकून, ती नोट घरात येऊ देत नसत.

"मागच्या बाजूला बघा," कासिल्दा सांगू लागली, "माझ्या वडिलांना ही..."

एलॉयने पाटीकडे बोट दाखवले.

"अहो, पण ऐका तरी!"

"बाई, गोष्टीने किंमत वाढत नाही. आठवडाभर राहू दे माझ्याकडे. खरी असेल, तर साठ हजार पेसेता कुठे गेले नाहीत."

"विकायचीच नाहीये मला. नोट खरी आहे आणि मागचं अक्षर त्याच काळातलं आहे, एवढं लिहून द्या." तिने सुस्कारा सोडला. "बरं. गोष्ट पुढच्या रविवारी."

"मास्तरांनी शेवटची गोष्ट ऐकली ना, बाई," फुल्हेन्सिओ म्हणाला, "तेव्हा हुकूमशहा जिवंत होता!"

घरी एलॉयने नोट भिंगाखाली उलटी धरली. मागे जांभळ्या शाईपेन्सिलीने पाच नावे लिहिली होती. प्रत्येक नावापुढे एक क्रॉस.

अक्षर त्याने पाहताक्षणी ओळखले. तरी सवयीने कपाटातून वडिलांचे जुने पत्र काढले आणि दोन्ही शेजारी ठेवून सात जागी ताडून पाहिले. सातही जुळल्या.

ती पेन्सिल जिभेने ओली केल्याशिवाय उमटत नसे. वडिलांची जीभ कायम जांभळी असे. ते पापा घ्यायला वाकले की लहानपणी तो तोंड फिरवी. युद्ध संपून सात वर्षांनी त्यांनी गाव सोडले, त्या दिवशी पाववाली वडिलांच्या बुटावर थुंकली होती. "इतकी माणसं गेली, सातुरिओ. तू कसा रे उरलास?" जांभळ्या डागांच्या रुमालाने वडिलांनी बूट पुसला होता.

आज उत्तर समोर होते. पाच नावे, पाच क्रॉस. विजेत्यांना माणसे दाखवून देणाऱ्या कारकुनाची नोकरी टिकणारच. यात अंदाज कुठेच नव्हता; पुरावा होता आणि निष्कर्ष होता. पाचांतले एक नाव त्या बाईच्या बापाचे असणार. रविवारी ती साऱ्या बाजारासमोर गोष्ट सांगणार, आणि आज ना उद्या कुणीतरी अक्षराचा मालक शोधून काढणार.

त्याने बशीत पाणी घेऊन त्यात क्लोरीनचे थेंब सोडले. नोट बुडताच जांभळा रंग ओल्या जिभेसारखा पसरला, फिकटला, विरला. एकेक नाव गेले. मग त्याने नोट टिपकागदात दाबली, खळ दिली, इस्त्री फिरवली आणि मोरीत जाऊन तो भडभडून ओकला.

रविवारी तो कासिल्दाच्या नजरेला नजर न देता म्हणाला, "नोट खरी आहे. पण बुरशी होती. धुवावी लागली. किंमत पडली, तेवढी मी भरून देतो."

"मास्तर, तुम्ही?" फुल्हेन्सिओ या वेळी हसला नाही.

कासिल्दाने नोट उलटली. मागची बाजू पांढरीशुभ्र होती. मग ती समोरच्या स्टुलावर बसली.

"आता ऐकता गोष्ट?" ती म्हणाली. "युद्ध संपल्यावर गोळ्या घालायच्या यादीत होंतासेकाचे पाच जण होते. नगरपालिकेतल्या कुणा कारकुनाने ते आधीच मेल्याची नोंद करून टाकली, म्हणून त्यांना शोधायला कुणी आलंच नाही. माझे वडील डोंगरात लपले होते. तिथे खेचरवाल्याने त्यांना ही नोट आणून दिली. पाच नावं, पुढे क्रॉस. तुम्ही मेलात, आता हे नाव पुन्हा लावू नका, असा निरोप. वडील पुढे साठ वर्षं जगले, दुसऱ्या नावानं. पण तो कारकून कोण, ते त्यांना कधी कळलं नाही. दफ्तर जळून गेलंय. गावातल्या चौकाला त्याचं नाव द्यायचं ठरलंय, मास्तर. कुणाच्या तरी कपाटात त्याचं एखादं पत्र असेलच. पण आता ते जुळवायचं कशाशी?"